शेरा

भोईपुऱ्यात बर्फवाल्याच्या माडीवर
नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी सभा भरली.
कूलरमध्ये पाणी टाकायची पाळी माझी होती,
अहवाल वाचायची पण.

होड्या बावीस, एक फुटकी धरून.
खात्यानं घालून दिलेली मर्यादा
होडीमागं पंधराशे किलो, एक बोट जास्त नाही.
कटला चौदा टन दोनशे.
रोहू अकरा. मृगळ पाच.
मरळ, शिंगूर, झिंगे, बोटभर चिल्लर मिळून
एक टन दोनशे साठ, रकाना: किरकोळ.
(कटला बाजारात जातो.
घरोघरी शिजतं ते किरकोळ.)
एकूण एकतीस टन चारशे साठ.
मागल्या हंगामापेक्षा कमी.
का कमी, हे कोणी विचारलं नाही,
सगळ्यांनी कूलरकडे पाहिलं.

मग दशरू दुधपचारे उभा राहिला.
उभा राहायला त्याला वेळ लागतो.
"माही एक राहिली लिहाची."

नऊ मेला त्याचे पंधराशे पुरे झाले होते.
हे वहीत आहे, माझ्याच अक्षरात.
दहाला तो नुसतं जाळं काढायला गेला,
आणि जाळ्यात कटला.
अठरा किलोची, जास्तच असेल,
पोट असं, की हात लावला तर आतून कोणी सरकतं.
त्यानं दोन गाठी कापल्या
आणि तिला जाऊ दिलं.

"कोनं पाहिलं?"
"नातवानं."
नातू सहा वर्षांचा, दारात, बर्फाचा खडा चोखत.
"माह्याएवढी होती," म्हणाला,
आणि उंची दाखवायला
चवड्यांवर उभा राहिला.

सभा हसली.
गेंदलाल नान्हे हसला नाही, त्यानं हिशेब केला:
अठरा गुणिले एकशे ऐंशी,
तीन हजार दोनशे चाळीस.
"एवढे पैसे पाण्यात सोडते कोनी?
इकली असन मंगळवारीत, रातच्या रात."

आमच्याकडे काटा म्हणजे दोनच.
एक वजनाचा, तो खोटं बोलला तर
तळाशी चिकटवलेलं लोहचुंबक सापडतं.
दुसरा घशातला, त्याला भाताचा गोळा.
हा तिसरा माडीवर सगळ्यांच्या मध्ये पडून होता
आणि कोणी पाय पुढं टाकेना.

दशरू म्हणाला, "पैशाचं नाही मनत मी.
तिच्या पोटात लाख पोट्टे असतीन.
पुढच्या साली ते बावीस होड्यांत येतीन.
तवा कोनाच्या पंधराशेत धरसान, तेवढं सांगा."

वहीत तारखेचा रकाना आहे,
होडीचा, जातीचा, वजनाचा, दराचा.
सोडलेल्याचा नाही.
मी बारा वर्षं ही वही लिहिते.
काय काय सुटलं असेल त्यात:
पाणमांजरानं अर्धं खाल्लेलं,
बर्फ संपला म्हणून नासलेलं,
सासरहून आलेल्या लेकीच्या ताटात गेलेलं.
ते मी कधी लिहिलं नाही,
आणि बेरीज दरवर्षी बरोबर आली.

त्याच्या हातांकडे पाहिलं.
हातांवर काही लिहिलेलं नसतं,
उगाच म्हणतात लोक.
जाळं मात्र त्यानं आणलं होतं, पिशवीत.
दोन गाठी कापलेल्या होत्या.
ते कशानंही कापलं जातं, हेही खरं.

शेवटी शेऱ्याच्या अरुंद जागेत
अक्षर बारीक करून लिहिलं:
दहा मे. कटला, मादी.
वजन केलेलं नाही.

अनुमोदक म्हणून गेंदलालची सही लागत होती.
त्यानं वही डोळ्यांजवळ नेली,
ओठ हलवत वाचलं, सही केली,
पेन खिशाला लावला. माझाच पेन.

जिन्यात सगळे उतरून गेल्यावर
तो चपलेचा अंगठा नीट करत वाकून बसला होता.
वर न पाहता म्हणाला,
"वनमाला, कोन्या बाजूनं सोडली मनते तो?
भिंतीकडून, का बाभळीकडून?"

"त्याचा रकाना नाही, भाऊ," मी म्हटलं.